सहा वर्षे लपून राहिलेली गळती : अंतराळ स्थानकावरील एका शोधाचा इतिहास

१/ जुन्या मोटारीतील कूलंट हळूहळू कमी होत जाते, पण गाडीखाली एक थेंबही सापडत नाही. अशी लपलेली गळती शोधणे अनुभवी मेकॅनिकलाही अवघड जाते. मग तेच वाहन पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असेल आणि ते गॅरेजमध्ये आणणे अशक्य असेल तर? २००७ ते २०१३ या काळात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासमोर नेमका हाच प्रश्न उभा होता.

२/ आधी यंत्रणा समजून घेऊ. स्थानकाचा ‘पी ६’ हा विभाग डिसेंबर २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने वर नेला. त्यावर सौरपंख, बॅटऱ्या आणि वीजनियंत्रणाची उपकरणे आहेत. ही उपकरणे तापतात. पृथ्वीवर वारा उष्णता वाहून नेतो. निर्वात पोकळीत ती केवळ प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकता येते. म्हणून नळ्यांतून द्रव अमोनिया फिरवून ती उष्णता रेडिएटरच्या मोठ्या पत्र्यांपर्यंत पोहोचवली जाते.

३/ अमोनियाच का? पाणी शून्य अंशाला गोठते, तर अमोनिया सुमारे उणे ७८ अंश सेल्सिअसला. बाहेरच्या थंडीत तो टिकतो. मात्र तो विषारी आहे. त्यामुळे माणसांच्या वावराच्या जागेत पाणी आणि बाहेरच्या भागात अमोनिया, अशी विभागणी केलेली आहे.

४/ २००७ मध्ये ‘२ बी’ या वीजवाहिनीच्या शीतकरण यंत्रणेतील अमोनिया घटत असल्याचे लक्षात आले. प्रमाण होते वर्षाला सुमारे ७०० ग्रॅम. स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करते. ऊन आणि सावली सतत आलटून पालटून येतात. तापमानानुसार द्रवाचे आकारमानही बदलते. त्या चढउतारातून खरी घट वेगळी काढायची, तर दीर्घकाळाच्या नोंदी लागतात. गळती डोळ्यांना दिसली नव्हती. ती आकड्यांतून उमगली होती.

५/ पहिला उपाय कोणताही वाहनचालक करील तोच होता: भर घालणे. २२ मे २०११ रोजी अँड्र्यू फ्यूस्टेल आणि माइक फिंक यांनी स्पेसवॉक करून यंत्रणेत अमोनिया भरला. गळतीचा वेग तेवढाच राहिला असता, तर ही भर पुढे बराच काळ पुरली असती.

६/ परंतु २०१२ मध्ये हा वेग जवळपास चौपट झाला. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते रितेही होते. आता मूळ शोधणे अटळ ठरले. संशय प्रथम रेडिएटरवर गेला. तो विस्तीर्ण आणि उघडा. एखाद्या सूक्ष्म उल्केने किंवा अवकाशातील कचऱ्याच्या कणाने त्याला छिद्र पाडले असावे, हा तर्क स्वाभाविक होता.

७/ १ नोव्हेंबर २०१२ रोजी सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे बाहेर पडले. सुनीता विल्यम्स तेव्हा स्थानकाच्या कमांडर होत्या. दोघांनी संशयित रेडिएटर यंत्रणेतून वेगळा केला आणि स्थानकाच्या आरंभीच्या काळात वापरलेला, घडी घालून ठेवलेला जुना रेडिएटर उलगडून जोडला. ही केवळ दुरुस्ती नव्हती, ती चाचणीही होती. गळती थांबली असती, तर दोष रेडिएटरचा ठरला असता.

८/ उत्तर अनपेक्षित रीतीने मिळाले. ९ मे २०१३ रोजी ‘पी ६’जवळून पांढरे कण तरंगत जाताना अंतराळवीरांना दिसले. ते गोठलेल्या अमोनियाचे कण होते. गळती एकाएकी वाढली होती. ‘२ बी’चा भार इतर वाहिन्यांवर वळवून ती बंद करावी लागली. तत्कालीन कमांडर ख्रिस हॅडफिल्ड, टॉम मार्शबर्न आणि रोमन रोमानेन्को यांचा परतीचा प्रवास अवघ्या काही दिवसांवर आला होता.

९/ तरीही दोनच दिवसांत, ११ मे रोजी, ख्रिस कॅसिडी आणि मार्शबर्न बाहेर पडले. एवढ्या घाईने आखलेला स्पेसवॉक ही स्थानकाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट होती. सुदैवाने २००९ च्या मोहिमेत दोघांनी ‘पी ६’वरच बॅटऱ्या बदलल्या होत्या. आता संशय अमोनिया खेळवणाऱ्या पंपाच्या पेटीवर होता आणि तिची सुटी पेटी त्याच विभागावर ठेवलेली होती.

१०/ जुनी पेटी काढल्यावर त्यांनी आजूबाजूची जागा बारकाईने न्याहाळली. कुठेही डाग किंवा छिद्र आढळले नाही. नवी पेटी बसवून पंप सुरू करण्यात आला आणि दोघे शांतपणे पाहत राहिले. एकही पांढरा कण दिसला नाही. ५ तास ३० मिनिटांचे काम संपले, तरी निर्णायक पुरावा त्या क्षणी हाती नव्हता. पुढील काळातील नोंदींतून गळती थांबल्याचे दिसले, तेव्हाच निदानाला आधार मिळाला.

११/ आणि पहिला संशयित? ६ नोव्हेंबर २०१५ रोजी स्कॉट केली आणि चेल लिंडग्रेन यांनी शीतकरणाची मूळ जोडणी पूर्ववत केली. तीन वर्षे बाजूला ठेवलेला रेडिएटर पुन्हा सेवेत आला.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणात ओळखीची पद्धत दिसेल. सर्वांत उघड कारण हेच खरे कारण असते असे नाही. २०१२ चा तर्क चुकीचा ठरला तरी वाया गेला नाही; रेडिएटर बदलूनही गळती उरली, म्हणूनच शोधाचे क्षेत्र आकुंचित झाले. जेथे घटनेचा प्रत्यक्ष साक्षीदार नसतो, तेथे संयमाने राखलेल्या नोंदी आणि एकेक शक्यता वगळण्याची शिस्त, एवढेच हाती उरते. जुन्या गाडीचे बॉनेट उघडणाऱ्या मेकॅनिकचा आणि दप्तरखान्यातील संशोधकाचा मार्ग याहून फारसा वेगळा नाही.