युरोपीय नागरिकाच्या भारतीय जोडीदारासाठी व्हिसाचे मार्ग

पती पोर्तुगालचा नागरिक आणि पत्नी भारताची, अशी कुटुंबे गोव्यात दुर्मीळ नाहीत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्यान्वये त्या देशाच्या नागरिकत्वावर दावा सांगता येतो. भारतीय कायद्याला मात्र दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परिणामी एकाच घरात दोन देशांची पारपत्रे नांदतात आणि युरोपातील नातलगांच्या भेटीस निघण्याची वेळ आली की भारतीय पारपत्रधारक जोडीदाराने कोणता व्हिसा मागावा, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर केवळ विवाहाच्या नात्यावर ठरत नाही. प्रवास कोणत्या देशाचा आहे आणि युरोपीय नागरिक असलेला जोडीदार सोबत आहे किंवा नाही, या दोन बाबी निर्णायक ठरतात.

युरोपीय संघाने २९ एप्रिल २००४ रोजी संमत केलेला २००४/३८ क्रमांकाचा निर्देश हा या विषयाचा मुख्य आधार आहे. संघातील एखाद्या देशाचा नागरिक स्वतःच्या देशाव्यतिरिक्त संघातील अन्य देशात जात असेल, तर त्याच्यासोबत जाणाऱ्या अथवा तेथे त्याला जाऊन मिळणाऱ्या पती वा पत्नीला प्रवेशाचा हक्क या निर्देशाने दिला आहे. भारतीय नागरिकास व्हिसा घ्यावाच लागतो. परंतु तो निःशुल्क आणि शक्य तितक्या लवकर, जलद कार्यपद्धतीने देण्याचे बंधन संबंधित देशावर आहे. पारपत्र, विवाहाचा पुरावा आणि जोडीदार सोबत जात असल्याचा अथवा तेथे असल्याचा पुरावा, एवढी कागदपत्रे त्यासाठी पुरेशी असतात. बँकेतील शिलकीचा दाखला, निवासाचे आरक्षण वा प्रवास विमा यांची सक्ती या अर्जदारांवर करता येत नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जातील तारांकित रकानेदेखील त्यांनी भरावयाचे नसतात.

अर्ज स्वीकारण्याचे काम अनेक दूतावासांनी खासगी संस्थांकडे सोपविले असून त्या सेवाशुल्क आकारतात. युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार अशा कुटुंबीयांना थेट वाणिज्य दूतावासात विनामूल्य अर्ज सादर करण्याची मुभा असली पाहिजे. स्वेच्छेने खासगी केंद्राची सेवा घेतल्यास तिचे शुल्क भरावे लागते. ही मुभा माहीत नसल्याने सर्वसाधारण पर्यटकाचा अर्ज भरून शुल्क देणे, हा अर्थातच टाळता येण्याजोगा खर्च होय.

या हक्काची सीमाही तितकीच स्पष्ट आहे. पोर्तुगीज पतीसह फ्रान्स वा जर्मनीतील नातलगांकडे जाणाऱ्या पत्नीला हा निर्देश लागू होतो. तेच दाम्पत्य लिस्बनला निघाले, तर पती स्वदेशी जात असल्याने निर्देश सहसा लागू होत नाही आणि शेंगेनचे सर्वसाधारण नियम व पोर्तुगालचा राष्ट्रीय कायदा पाहावा लागतो. पती गोव्यातच राहून पत्नी एकटीच पॅरिसमधील बहिणीकडे जाणार असेल, तरीही तिला सर्वसाधारण व्हिसाच मागावा लागेल. पती अगोदर पॅरिसला पोहोचलेला असून ती मागाहून त्याला जाऊन मिळणार असेल, तर मात्र तिचा हक्क अबाधित राहतो.

सर्वसाधारण शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो करण्यात आले. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, निर्वाहाची तरतूद आणि मायदेशी परतण्याचा इरादा दर्शविणारे पुरावे या अर्जासोबत आवश्यक असतात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वास्तव्य करता येते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय नागरिकांसाठी नियम शिथिल करण्यात आले. त्यानुसार मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून त्यांचा नियमानुसार वापर केलेल्या भारतातील रहिवाशांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. एकट्याने वारंवार जाणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा ठरतो.

आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे तेथील व्हिसा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो; मात्र २००४ चा निर्देश त्या देशालाही बंधनकारक आहे.

ब्रिटनची स्थिती वेगळी आहे. स्विंडन, साउथॉल आदी ठिकाणी गोमंतकीयांची मोठी वस्ती असल्याने हा प्रश्न अनेक कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला आणि संक्रमणकाळ त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपला. पोर्तुगीज जोडीदार त्या तारखेपूर्वीपासून ब्रिटनमध्ये राहत असेल आणि पती-पत्नीचे नातेही त्यापूर्वीचे असेल, तर त्याच्याकडे जाण्यासाठी युरोपीय नागरिकांच्या वसाहत योजनेखालील निःशुल्क कुटुंब परवाना मागता येतो. विवाह त्यानंतरचा असल्यास, अथवा केवळ अन्य नातलगांची भेट घ्यावयाची असल्यास, सशुल्क अभ्यागत व्हिसा हाच मार्ग उरतो. त्यावर एका भेटीत साधारणतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते.

युरोपीय संघातील देशाने दिलेले, युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचे निवासपत्र ज्यांच्यापाशी आहे, त्यांना जोडीदारासह संघातील अन्य देशांत जाण्यासाठी व्हिसाची गरज नसते. ब्रिटनने पूर्वी दिलेल्या निवासपत्रांना २०२१ पासून ही सवलत लागू नाही.

निर्देशानुसार केलेला अर्ज नाकारावयाचा झाल्यास सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा वा आरोग्य यांचे कारण, किंवा विवाह बनावट असल्याचे सिद्ध होणे आवश्यक असते. नकार कारणांसह लेखी कळवावा लागतो व त्याविरुद्ध दाद मागता येते. भारत २००५ पासून अपॉस्टिल कराराचा सदस्य असल्याने विवाह प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल घेता येते. प्रमाणपत्र मराठी वा कोकणीत असल्यास त्याचे प्रमाणित भाषांतर अर्जापूर्वीच करून घ्यावे.