तंजावरच्या राणीचा वकील

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांची राज्ये एकामागून एक खालसा होत होती. १८४८ मध्ये सातारा गेले. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी गेली. साताऱ्याचे गाऱ्हाणे घेऊन रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घातले. झाशीच्या राणीने जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला आणि अखेर तलवार उपसली. तंजावरच्या राणीचा लढा मात्र मद्रासच्या न्यायालयात झाला, आणि तिच्या वतीने उभा राहिलेला वकील इंग्रज होता. त्याचे नाव जॉन ब्रूस नॉर्टन.

नॉर्टनचा जन्म १८१५ चा. त्याचे वडील मद्रासच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होते. हॅरो आणि ऑक्सफर्ड येथील शिक्षण आटोपून, बॅरिस्टर होऊन तो १८४२ मध्ये मद्रासला आला आणि लवकरच शहराचा शेरीफ झाला. पण अधिकाऱ्यांची मर्जी राखणे त्याच्या स्वभावात नव्हते. कायद्याचे शिक्षण न घेतलेले अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांतून न्यायदान करतात, हे त्याने १८५३ मध्ये पुस्तक लिहून चव्हाट्यावर मांडले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात कायद्यावर व्याख्याने देऊन त्याने एतद्देशीय विद्यार्थ्यांना त्या विद्येचे दार उघडून दिले.

अशातच तंजावरचे प्रकरण उद्भवले. व्यंकोजींनी स्थापिलेल्या या राज्याचा कारभार १७९९ च्या तहानेच कंपनीकडे गेला होता. किल्ला, मानमरातब आणि नेमणूक तेवढी राजांकडे उरली होती. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले. मागे राण्या आणि कन्या होत्या. परंतु कन्येचा वारसा कंपनीने नाकारला. १८५६ च्या ऑक्टोबरात कमिशनर फोर्ब्स याने शिपायांच्या बळावर राजवाडा ताब्यात घेतला आणि राज्याबरोबर घरच्या चीजवस्तूंवरही मोहोर उठविली.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला. राज्य आणि खाजगी मालमत्ता या भिन्न गोष्टी आहेत. राज्य घेतले म्हणून विधवेचा ऐवज घेता येत नाही, हा त्या दाव्याचा गाभा. सुप्रीम कोर्टाने राणीच्या बाजूने हुकूमनामा दिला. सरकारने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. १८५९ मध्ये तेथे निर्णय फिरला. कंपनीची ही कृती राजसत्तेची कृती होय, तिच्या न्यायान्यायाचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे ठरले. कंपनीची कृती न्याय्य होती असे मात्र न्यायमूर्तींनी म्हटले नाही.

कायद्याची वाट येथे खुंटली. लोकमताची खुंटली नव्हती. दावा चालू असतानाच, १८५७ मध्ये, बंडाची कारणे सांगणारे पुस्तक लिहून नॉर्टनने संस्थाने गिळण्याच्या धोरणावर कोरडे ओढले होते. अखेर १८६२ मध्ये सरकारने तंजावरची खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. न्यायालयाने जे देता येत नाही म्हटले, ते सरकारला आपण होऊन द्यावे लागले.

पुढच्याच वर्षी सरकारशी झुंजलेला हा वकील सरकारचाच अॅडव्होकेट-जनरल झाला, आणि त्या नात्याने मद्रासच्या कायदेमंडळात बसला. १८७१ मध्ये तो मायदेशी परतला. तेथेही हिंदी विद्यार्थ्यांना कायदा शिकविण्याचे काम त्याने पत्करले. १८८३ मध्ये त्याचा अंत झाला.

तंजावरचे राज्य परत आले नाही. पण राजवाड्यातील सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह राजघराण्याकडे टिकला आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेथे मराठी पोथ्या आणि मोडी कागदांचे रुमाल आजही जपलेले आहेत. ते चाळणाऱ्या अभ्यासकाने कामाक्षीबाईसाहेबांचे स्मरण करावे, आणि त्यांच्या इंग्रज वकिलाचेही.