'नोबडी' नावाचा युजर आणि लॉगमधली ती आडवी रेघ

समजा, लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर तुम्ही लिनक्स टाकलंत, एका कमांडने अपाची बसवलात, ब्राउझर उघडलात आणि 'इट वर्क्स!' असं पान दिसलं. दहा मिनिटांत काम फत्ते. मग कॉन्फिगरेशनची फाइल उघडलीत आणि गाडी अडली. हे डॉट-एचटीॲक्सेस काय प्रकरण आहे? पानं पब्लिक-एचटीएमएल नावाच्याच फोल्डरमध्ये का ठेवायची? काही मशीनवर सर्व्हर 'नोबडी' नावाच्या युजरखाली चालतो, हा नोबडी कोण? काय टाइप करायचं ते कुठेही सापडेल. ते असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. फार नाही, पस्तीसेक वर्षं.

टिम बर्नर्स-ली यांनी जीनिव्हाजवळच्या सर्नमध्ये मार्च 1989 मध्ये पहिला प्रस्ताव दिला आणि 1990 संपता संपता पहिला वेब सर्व्हर चालू केला. तो होता नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर, आणि त्यावर लाल शाईने लिहिलेलं लेबल चिकटवलेलं होतं: हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. मला विचाराल तर सर्व्हर सांभाळण्याचा इतिहास त्या लेबलापासून सुरू होतो. संध्याकाळी घरी जाताना कुणीतरी बटण दाबेल, ही धास्ती पहिल्या दिवसापासूनची आहे. (आपल्याकडे त्याखाली 'इथे मोबाइल चार्जिंगला लावू नये' हेही लिहावं लागतं.)

सप्टेंबर 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल कुन्झ सर्नला गेले, तिथे त्यांनी हे वेब पाहिलं, आणि 12 डिसेंबरला स्लॅकचा सर्व्हर चालू झाला. युरोपबाहेरचा तो पहिला. त्याच्या मागे होता आयबीएमच्या मेनफ्रेमवरचा स्पायर्स डेटाबेस, म्हणजे कणभौतिकीतल्या शोधनिबंधांची सूची. सूची आधीपासून होती. ग्रंथपाल लुईस ॲडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्षानुवर्षं जपली होती. सर्व्हरने फक्त दार उघडलं. पण भौतिकशास्त्रज्ञांना वेब हवंहवंसं वाटू लागलं ते या सूचीमुळे. तुम्ही सर्व्हर बसवायला निघाला असाल तर आधी एवढं बघा, की आपल्याकडे दाराआड ठेवायला काय आहे.

आता तुमच्या प्रश्नांकडे. 1993 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी एक सर्व्हर लिहिला, एनसीएसए एचटीटीपीडी. विद्यापीठात तेव्हा एकाच युनिक्स मशीनवर अनेकांची खाती असत. प्रत्येकाला आपापली पानं ठेवता यावीत म्हणून प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरात पब्लिक-एचटीएमएल. मुख्य कॉन्फिगरेशनला हात न लावता आपल्या फोल्डरपुरते नियम करता यावेत म्हणून डॉट-एचटीॲक्सेस. आणि नोबडी? युनिक्सवर 1024 च्या खालचा पोर्ट फक्त रूटला उघडता येतो, आणि वेबचा पोर्ट आहे 80. म्हणून सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो आणि प्रत्यक्ष पानं देण्याचं काम मात्र कुठलेच खास हक्क नसलेल्या युजरकडे सोपवतो. कुणी आत घुसलाच तर त्याच्या हाती नोबडीइतकेच हक्क लागतात. उबुंटूवर त्याच युजरचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. तुम्हाला '403 फॉरबिडन' दिसतं ते बहुतेक वेळा या युजरला तुमची फाइल वाचता येत नाही म्हणून. मग एखादा सीनियर सांगतो, "अरे, 777 मार." मारू नका. त्या एका आकड्याने मशीनवरच्या प्रत्येकाला तुमच्या फाइलवर लिहायची मुभा मिळते.

1994 च्या मध्यावर मॅककूल यांनी एनसीएसए सोडलं आणि सर्व्हरवरचं काम थंडावलं. वापरणारे मात्र वाढतच होते. जो तो आपापल्या मशीनवर चुका दुरुस्त करून ठिगळं लावत होता. फेब्रुवारी 1995 मध्ये अशा आठ जणांनी ई-मेलवरून आपली ठिगळं एकत्र केली. त्यातून अपाची आला. एप्रिलमध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती, ऑगस्टपर्यंत रॉबर्ट थाऊ यांनी केलेली नवी मॉड्यूलर रचना, आणि 1 डिसेंबर 1995 ला आवृत्ती 1.0. गट जमल्यापासून वर्षाच्या आतच त्याने एनसीएसएच्या सर्व्हरला मागे टाकलं. आठांपैकी रॉय फील्डिंग अर्व्हाइनला पीएचडी करत होते. ज्या 'रेस्ट'बद्दल आज प्रत्येक मुलाखतीत विचारतात, ते त्यांच्या 2000 सालच्या प्रबंधातलं. गाइडना हे सांगून बघा, सर्व्हरसाठी वेळ मागताना उपयोगी पडेल.

एक अवशेष तुम्हाला आत्ताच बघता येईल. सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा. प्रत्येक ओळीत आधी पाहुण्याचा आयपी पत्ता, मग एक आडवी रेघ. त्या जागी समोरच्या मशीनवर नेमका कोणता युजर बसलाय त्याचं नाव यायचं होतं, आणि ते त्या मशीननेच सांगायचं होतं! समोरचा खरं सांगेल असं धरून चालण्याचे ते दिवस. आज तिथे जवळपास नेहमी रेघच असते, पण लॉग वाचणारी जुनी साधनं मोडू नयेत म्हणून जागा तशीच ठेवली आहे.

आणि मॅककूल गेल्यावर जे झालं, ते कुठल्याही विभागात होतं. सर्व्हर बसवणारा विद्यार्थी पदवी घेऊन जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, आणि शोधनिबंधात छापलेली डेटाची लिंक वर्षभरात मरते. म्हणून खातं कुणाच्या नावावर आहे, बॅकअप कुठे जातो, अपडेट कोण करणार, हे इन्स्टॉलच्या दिवशीच लिहून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो कागद वाचून सर्व्हर एकदा बंद-चालू करून बघायला सांगा.

खुद्द सर्नमध्येही सगळं टिकलं नाही. 2013 मध्ये त्यांनी पहिली वेबसाइट मूळ पत्त्यावर पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा त्यांच्या हाताशी होती ती 1992 ची प्रत. सुरुवातीच्या पानांवरच नवी पानं लिहिली जात गेली होती, आणि जुनी वेगळी काढून ठेवावीत असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.