इंग्रजी संभाषण (माध्यमिक शाळांतील)

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी ऐकून समजावे आणि बोलता यावे, यासाठी आठवी ते दहावीत दिले जाणारे शिक्षण. रूढ नाव ‘स्पोकन इंग्लिश’. अभ्यासक्रमात त्याला जागा आहे. वेळापत्रकात स्वतंत्र तास सहसा नसतो.

मराठी शाळेत इंग्रजी तृतीय भाषा असते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, नगर–सोलापूर रस्त्यावर असलेल्या मिरजगावसारख्या गावात स्टँड, टायर, रिचार्ज हे शब्द दिवसभर कानी पडतात, पण मराठी वाक्यात मराठी होऊन. अख्खे इंग्रजी वाक्य बोलणारे माणूस मुलांना वर्गाबाहेर क्वचितच भेटते. म्हणून शहरातील शाळेपेक्षा येथे शिक्षकाच्या बोलण्यावर अधिक भार पडतो.

बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. त्या पिढ्यांचा आधार म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यायचे, तेही कागदावर. पुढे इंग्रजी पाचवीवर आले आणि जून 2000 पासून पहिलीवर. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले 2010 मध्ये दहावीला बसली, दहा वर्षे इंग्रजी शिकून. तरी ‘सर, मे आय कम इन’च्या पुढे अनेकांची गाडी सरकत नाही, कारण वाढली ती वर्षे, बोलण्याची संधी नव्हे. शिक्षक वाचणार, वर्ग एका सुरात म्हणणार, मग शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरे लिहून घ्यायची. हा क्रम बऱ्याच ठिकाणी टिकून आहे.

उच्चारांची धास्ती वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते. ‘बॅट’ व ‘बॉल’मधील स्वरांसाठी मराठीने चिन्हे केव्हाच घडवली, आणि ‘व्हॅन’मधला ‘व्ह’ मराठी मुलाच्या तोंडी सहज बसतो. खरी अडचण आघाताची आहे. ‘रेकॉर्ड’ हे नाम असता जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असता दुसऱ्यावर. मराठीत आघाताने असा अर्थभेद होत नाही. दुसरी अडचण प्रश्नरचनेची. मराठीत वाक्याला ‘का’ जोडला की प्रश्न तयार होतो, इंग्रजीत शब्दांची जागा बदलावी लागते. म्हणून मुले ‘यू आर कमिंग?’ असा सूर चढवून काम भागवतात. समोरच्याला ते कळते, आणि सुरुवातीला तेवढे पुरे मानावे.

बोलण्याचे भवितव्य गुणांशी बांधलेले आहे. दहावीत भाषा विषयांना 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन होते. श्रवण-भाषण त्यातच येई. हे गुण शाळा सढळ हाताने वाटतात, अशी तक्रार होती. 2018–19 मध्ये ते काढून टाकले. त्या वर्षी राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून 20 गुण परत आले. या वादात चर्चा निकालाची झाली. मुले बोलतात की नाही, हा मुद्दा मागेच राहिला.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील राज्य आंग्ल भाषा संस्थेने केले आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने माध्यमिक शिक्षकांसाठी ‘एलिस’ हा उपक्रम झाला, नंतर ‘चेस’ आला. जोडीने बोलणे, गटात बोलणे यांवर अशा प्रशिक्षणांचा भर असतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे करायचे तर एकाच बाकावरच्या दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे. पाच मिनिटांत सगळा वर्ग बोलून होतो. गलका मात्र शेजारच्या वर्गापर्यंत जातो.