शंकेचा खडा आणि सोबतीचे माणूस



लग्न ठरलेली किंवा एकमेकांना पसंत करून लग्नाच्या विचारात असलेली आपली मुले-मुली कधी कधी दबक्या आवाजात एक गोष्ट सांगतात. "तो दिवसातून वीस वेळा विचारतो, मी तुला दुखावलं नाही ना? मी नाही म्हणते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच." किंवा, "ती दाराची कडी सारखी तपासते. आता तिच्यासाठी मीही तपासायला लागलोय." या आजाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव घाबरतो, ती भीती शमवायला माणूस धुतो, तपासतो, मोजतो, तीच प्रार्थना पुन्हा म्हणतो. घटकाभर बरे वाटते आणि शंका परत येते. अशा माणसावर प्रेम करणाऱ्याने काय करावे?

ख्रिस्तसभेला ही व्यथा जुनी आहे. पापाविषयीच्या अशा अतिशंकेला धर्मगुरू ज्या लॅटिन शब्दाने ओळखत, त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत गेलेला खडा दिसत नाही, पण पाऊल टाकू देत नाही.

संत इग्नाशियस लोयोला यांना हा खडा चांगलाच बोचला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि आयुष्याची दिशा बदलली. १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्यांनी आयुष्यभराची पापे लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केले. तरी पुढे मान्रेसा गावी राहताना शंका सोडीना: काही सांगायचे राहिले असेल तर? ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करत. धर्मगुरूंनी सांगितले की अगदी स्पष्ट असेल तेवढेच मागचे पाप सांगा. पण इग्नाशियस यांना प्रत्येक पाप स्पष्टच वाटे, म्हणून त्या सवलतीचा उपयोग झाला नाही. जीव देण्याचे विचार मनात आले. आठवडाभर त्यांनी अन्न घेतले नाही. धर्मगुरूंनी उपास सोडायला लावला, दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी शंका परत हजर. शेवटी त्यांनी ठरवले की मागचे पाप आता पुन्हा सांगायचे नाही. तिथून सुटका झाली. पुढे आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात त्यांनी अशा शंकांसाठी खास सूचना लिहिल्या. शंका ज्या बाजूला ओढते, तिच्या उलट वागावे, हा त्यांचा गाभा.

दुसरे नाव जॉन बन्यन. त्यांचे 'यात्रिक क्रमण' एकोणिसाव्या शतकातच मराठीत आले. इंग्लंडमधल्या एल्स्टो गावचा हा माणूस भांडीकुंडी दुरुस्त करून पोट भरत असे. लग्न झाले तेव्हा नवरा-बायकोत मिळून एक ताट की एक चमचा नव्हता. १६६६ साली छापलेल्या आत्मकथनात ते सांगतात की चर्चची घंटा वाजवण्याची त्यांना भारी हौस होती. ते पाप वाटू लागले म्हणून ते नुसते बघायला जात. मग वाटले, घंटा अंगावर पडली तर? ते तुळईखाली उभे राहिले. घंटा भिंतीवर आपटून उसळली तर? ते दारात सरकले. मनोराच कोसळला तर? ते पळून गेले. पुढे वर्षभर 'ख्रिस्ताला विकून टाक' हा विचार त्यांच्या डोक्यात घुमत राहिला. जेवता जेवता ते प्रार्थनेसाठी ताटावरून उठून जात.

त्या घरात त्यांची पत्नी होती. तिचे नाव त्यांनी कुठेच लिहिलेले नाही. पण एक प्रसंग लिहिला आहे. शेकोटीजवळ बसले असताना येशूकडे जाण्याविषयीचे शब्द त्यांच्या मनात घुमले. त्यांनी बायकोला विचारले, असे वचन पवित्र शास्त्रात आहे का गं? ती म्हणाली, मला सांगता येत नाही. बस्स. दोन-तीन मिनिटे ते विचार करत बसले, आणि इब्री लोकांस पत्रातला सियोन डोंगराविषयीचा उतारा त्यांना आपणहून आठवला. ती रात्र त्यांना आनंदाची गेली.

त्या माउलीला कदाचित खरोखरच ठाऊक नसेल. आणि चार शतकांपूर्वीच्या माणसाला आज आपण आजाराचे नाव चिकटवू नये. तरी तिचे उत्तर आम्हाला मोलाचे वाटते. तिने खोटी खात्री दिली नाही, चिडलीही नाही.

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी या आजारावर जी उपचारपद्धती मांडली, ती याच वाटेने जाते. भीतीला हळूहळू सामोरे जायचे, आणि नेहमीची कृती करायची नाही. आज ही पद्धत आणि औषधे, दोन्हींनी पुष्कळांना आराम पडतो. 'नाही रे, काही झालं नाही' हे विसाव्यांदा सांगणे मायेचे वाटते, पण त्याने आजारालाच खाऊ मिळतो. मात्र एके दिवशी अचानक तोंड मिटून घेऊ नका. मन शांत असताना दोघांनी, जमल्यास मानसोपचारतज्ज्ञासमोर, ठरवा: "याचं उत्तर मी एकदा दिलंय, पुन्हा देणार नाही. पण मी इथेच बसले आहे." शंका पापाची असेल तर एकच धर्मगुरू धरा आणि त्यांचे ऐका.

आई-वडिलांनाही विनंती. लग्न जमवताना हा आजार लपवू नका, आणि लग्न झाले की बरा होईल असेही समजू नका. मदत कुठे मिळेल हे कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करता येतो. जीव देण्याचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रभो, शंकेने थकलेल्यांना विसावा दे, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांना धीर दे. आमेन.