पाटीचा परवाना म्हणजे कराची पावती नव्हे

नगरच्या केडगावात काय किंवा सावेडीत काय, दुकानदारांच्या बोलण्यात एक मत पक्कं बसलेलं आहे. दुकान माझं, भिंत माझी, विजेचं बिल मी भरतो. मग माझ्याच नावाच्या ग्लोसाइन बोर्डाला महापालिकेची परवानगी कशाला? परवाना म्हणजे पावती फाडण्याचं निमित्त, आणि पावती म्हणजे दुसऱ्या नावाचा कर. हे मत इतकं सर्वमान्य झालं आहे की ते मांडणाऱ्याला पुरावा कोणी विचारत नाही. मला ते चुकीचं वाटतं. पण खोडण्याआधी त्याची ताकद मान्य केली पाहिजे.

या मताच्या बाजूने खुद्द कायदाच साक्ष देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 245 प्रमाणे जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. पण त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची किंवा मालकाच्या नावाची पाटी त्यातून वगळली आहे. म्हणजे किराणा दुकानावरच्या रंगवलेल्या पाटीला कोणाला विचारावं लागत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. एटीएमवरच्या उजळ पाट्यांवरून आयसीआयसीआय बँक आणि मुंबई महापालिका यांच्यात वाद झाला. त्यात 2005 साली न्यायालयाने सांगितलं की, नुसतं नाव दाखवणारी पाटी आपोआप जाहिरात ठरत नाही, त्यामागचा व्यापारी हेतू पाहावा लागतो. दुकानदाराचा वकील इथेच समाधानाने फाइल मिटेल.

त्याने ती मिटू नये. कलम 245 ची सवलत बिनशर्त नाही. पाटी प्रकाशित नसावी आणि ती आकाशचिन्ह नसावी, या दोन अटींवरच ती मिळते. दिवा लागला की सवलत संपली. पाटी छताच्या वर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर चढली की तेव्हाही संपली. कायद्याला पाटीवरच्या नावाशी भांडण नाही. उजेड आणि उंची या दोनच गोष्टींवर त्याचा डोळा आहे.

आता हा कर आहे का ते पाहू. अधिनियमात करांचं प्रकरण वेगळं आहे, त्याची सुरुवात कलम 127 पासून होते. आकाशचिन्हांचं कलम 244 आणि जाहिरातींचं 245 ही दोन्ही रस्त्यांच्या प्रकरणात आहेत. रस्त्यावरचे अडथळे, रस्त्याची सुरक्षितता असे विषय त्यांच्या शेजारी आहेत. दुसरा पुरावा याहून ठोस आहे. वस्तू व सेवा कर आणताना राज्यघटनेच्या राज्य सूचीतली 55 वी नोंद, म्हणजे जाहिरातींवरच्या कराची, वगळण्यात आली. तो कर 2017 मध्ये गेला. परवानगीची कलमं मात्र जागची हलली नाहीत. परवाना हा कराचाच मुखवटा असता, तर कराबरोबर तोही गेला असता.

कलम 244 वाचलं की हेतू आणखी स्पष्ट होतो. आकाशचिन्हाची परवानगी एका वेळी दोन वर्षांहून जास्त देता येत नाही. चिन्हात बदल केला, इमारत पाडली किंवा रिकामी पडली, चिन्हाचा काही भाग अपघाताने वा जीर्ण होऊन कोसळला, तर परवानगी रद्द. पैसे गोळा करायचे असते तर अशा अटी कोणी घातल्या नसत्या; उलट पडलेला फलक पुन्हा उभा करायला लावून नवी पावती फाडली असती. लंडनने 1891 मध्ये आकाशचिन्हांवर स्वतंत्र कायदा केला, तोही डोक्यावर लटकणाऱ्या वस्तूंचा बंदोबस्त म्हणूनच.

‘आमची पाटी ती केवढी’ हा पुढचा युक्तिवाद. त्याला उत्तर हिशेबाने द्यावं लागेल. आपल्याकडच्या मानकात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात, आणि पुण्याच्या पट्ट्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर मानला आहे. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण 93 किलोंचा भार येतो. दहा फूट लांब, तीन फूट उंच बोर्डावर हा भार अडीचशे किलोंच्या पुढे जातो. चाळीस बाय वीसच्या होर्डिंगवर तो सात टनांच्या आसपास भरतो. वेग निम्मा झाला की भार चौथाईवर येतो, हे खरं. पण एसीपीचा बोर्ड चार अँकर बोल्टवर टांगणाऱ्या कारागिराने ते बोल्ट कोणत्या विटेत मारले, हे पाहायला कोणीतरी हवं. 17 एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात पाच जण आणि 13 मे 2024 ला घाटकोपरला सतरा जण होर्डिंगखाली गेले, ते वळवाच्या वाऱ्यातच. आपल्याकडेही वळीव येतोच.

उजेडाची गोष्ट वेगळी आहे. भिंत मालकीची असते, पण प्रकाश मालकीच्या हद्दीत थांबत नाही. रात्री नगर-पुणे रस्त्याने येणाऱ्या ट्रकचालकाला तो सिग्नलच्या दिव्यासारखा दिसू शकतो, समोरच्या घराच्या खिडकीत रात्रभर शिरू शकतो. इंडियन रोड्स काँग्रेसने 1972 मध्येच रस्त्याकडेच्या जाहिरातींवर मार्गदर्शिका काढली. चौकाजवळ चालकाचं लक्ष विचलित होतं, ही तिच्यामागची एक मुख्य चिंता.

मग दुकानदाराचा राग खोटा का? मुळीच नाही. त्याला दिसतं ते असं: त्याच्या बोर्डाला नोटीस येते आणि नवरात्रात केडगावच्या देवीच्या वाटेवर शुभेच्छांचे फ्लेक्स कोणी हटकत नाही. खरं तर तिथल्या धंद्याशी संबंध नसलेल्या त्या फ्लेक्सना कलम 245 ची सवलत लागूच होत नाही. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये बेकायदा फलकांबाबत महापालिकांना खडसावलं, तरी सवय गेली नाही. महापालिकाही परवान्याचा हिशेब चौरस फुटांत आणि रुपयांत करते. बोल्ट आणि उजेड यांची मोजणी मागे राहते. कर समजण्याची चूक दोन्ही बाजूंची आहे.

घाटकोपरला तिची टोकाची किंमत दिसली. तिथला फलक परवानगीविना नव्हता. जागा लोहमार्ग पोलिसांची होती, परवानगी त्यांची होती. महापालिकेचं म्हणणं, आम्हाला विचारलंच नाही. आकार 120 बाय 120 फूट, मुंबई महापालिकेच्या 40 बाय 40 च्या मर्यादेच्या नऊपट क्षेत्रफळ. जागेचा मालक भाड्याचा विचार करतो; रस्त्यावरून जाणाऱ्याचा विचार ज्याने करायचा, त्याची सही कागदावर नव्हती. ‘माझी जागा, माझी पाटी’ हे तत्त्व मोठ्या मापात असंच दिसतं.

ज्याला परवाना नकोच, त्याच्यासाठी वाट मोकळी आहे. दारावर, कठड्याच्या खाली, दिव्याविना रंगवलेली नावाची पाटी. ती मराठीत, देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसलेली लागेल. पण तो दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीचा विषय झाला, आणि त्यावर केडगावात कोणाची तक्रार असेल असं वाटत नाही.