पंचहौदाचा चहा

आजीच्या सासूबाई माहेरच्या पुणेकर. त्या पाच-सहा वर्षांच्या असताना घरात श्राद्ध होते आणि एकही भटजी फिरकला नाही. पाने मांडलेली, भात निवत चाललेला, वडील ओसरीवर येरझाऱ्या घालताहेत. शेवटी ते अन्न गाईपुढे गेले. ही हकीकत त्या सुनेला सांगत, आणि आजी आम्हाला. घरातल्या काकांनी म्हणे पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला होता. घेतला तरी कुठे? घेतलेल्या एकाच्या पंक्तीला बसले होते, एवढेच!

मिशनमधले ते चहापान १८९० च्या ऑक्टोबरातले. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशांनी नावे जाहीर केली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे भांडण, पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. बहिष्कार घालणाऱ्यांना कसले तत्त्वज्ञान लागत नव्हते. पोथी आणि पंचांग पुरत असे.

तत्त्वज्ञान आले ते संमतिवयाच्या वादात, आणि गंमत अशी की ते मांडले चहा प्यायलेल्या टिळकांनी. मार्च १८९१ च्या कायद्याने मुलीचे शरीरसंबंधासाठीचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. त्यावर शास्त्रार्थाचा भरपूर खल झाला, भांडारकरांशी वादही रंगला. पण टिकाऊ ठरला तो दुसराच मुद्दा: समाज सुधारायचा तर तो आपला आपण, शिक्षणाने, परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात शिरू नये. स्वत्वाच्या या अभिमानाची मशागत चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’त करून ठेवलीच होती. आता जुने ते राखणे हे देशकार्य ठरले. मुलीचे लग्न सोळापर्यंत करू नये, असे स्वखुशीच्या करारासाठी टिळकच सुचवत होते. अडचण होती ती सक्तीची. आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. १८९५ च्या पुणे काँग्रेसमध्ये तर सुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडपसुद्धा मिळाला नाही.

युक्तिवाद बिनतोड होता, हे मी मान्य करतो. फक्त समाज आपण होऊन सुधारेपर्यंत दहा वर्षांच्या मुलीने काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढे १९२९ मध्ये शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले. अंमल १ एप्रिल १९३० पासून होता, म्हणून त्याआधी लग्ने उरकून घेण्याची देशभर झुंबड उडाली. आजीचे लग्न त्याच माघातले. ती बारा वर्षांची होती.